गच्चीवरच्या शिडाचा खर्च

फेब्रुवारी सरत आला की छत्रपती संभाजीनगरात गच्च्यांवर हिरव्या शेडनेट चढू लागतात. नेटचा भाव आपण चार दुकानं हिंडून ठरवतो, आणि ती धरून ठेवायला बायंडिंगची तार गुंडाळून मोकळे होतो. मे महिन्यात वळवाचा वारा सुटला की कापड बहुधा टिकतं, कोपरा सुटतो. सुटलेली नेट विजेच्या तारांवर जाऊन पडू शकते, म्हणून हा विषय मला किरकोळ वाटत नाही.

ताणलेली नेट म्हणजे शीडच. ताशी ५० किलोमीटरचा वारा समोरून अडवला तर चौरस मीटरला सुमारे १२ किलो दाब पडतो. ३ बाय ४ मीटरच्या कापडावर तो १४० किलोंवर जातो. नेटच्या भोकांतून थोडा वारा निघून जातो खरा, पण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो.

शिडाच्या बोटीवर डोलकाठी तोलून धरतात ते वायर रोप (पीळदार तार), टर्नबकल (फिरवून ताण देणारा सांधा) आणि डी-शॅकल (पिनेची कडी) हेच इथेही लागतात. समुद्रावर खाऱ्या हवेमुळे ३१६ दर्जाचं स्टेनलेस घ्यावं लागतं. आपल्याला त्याची गरज नाही, जस्ताचा मुलामा असलेलं सामान पुरतं. स्टेनलेसच हवं असेल तर ३०४ मागा आणि दर्जा बिलावर लिहून घ्या. २०२ स्वस्त मिळतं, पण उघड्यावर लवकर तांबूस होतं.

हिशेब असा मांडा. ८ मीटर ४ मिमी तार २० रुपयांनी १६०, दोन टर्नबकल २४०, चार शॅकल १६०, तारेच्या फासात बसणारे आठ थिंबल ८०, चोवीस यू-क्लॅम्प २८८. बेरीज ९२८, १८ टक्के जीएसटी धरून साधारण अकराशे. दर हिशेबापुरते धरलेत, दुकानातले आकडे घालून पुन्हा बेरीज करा. टर्नबकल बंद कडीचा घ्या, उघडा हूक भाराखाली फाकतो. भोक पाडणाऱ्या कारागिराची मजुरी वेगळी. अँकर फास्टनर काँक्रीटच्या कॉलममध्येच ठोकायला सांगा. विटांच्या कठड्यात नको, आणि पाण्याच्या टाकीला तर कधीच बांधू नका.

क्लॅम्प लावताना मोठमोठे कारागीरही चुकतात. क्लॅम्पचं खोगीर, म्हणजे खाचेचा भाग, भार घेणाऱ्या लांब तारेवर बसलं पाहिजे आणि यू-दांडा कापलेल्या टोकावर. प्रत्येक फासाला तीन क्लॅम्प. दोनेक दिवसांनी तार बसली की नट पुन्हा आवळा.

दरवर्षीच्या देखभालीला फार पैसे लागत नाहीत. नेट चढवण्याआधी सुती चिंधी तारेवरून फिरवा. ती जिथे अडकेल तिथे धागा तुटलाय, तो तुकडा बदला. टर्नबकलच्या आट्यांना ग्रीस लावा, आणि ताण दिल्यावर त्यातून बारीक तार ओवून पीळ द्या, नाहीतर वाऱ्याच्या थरथरीने तो आपोआप उलगडतो. ग्रीस आणि पाच-सहा क्लॅम्प मिळून दीड-दोनशेत भागतं.

कोकणात पावसाळ्यापूर्वी होड्या किनाऱ्यावर ओढून झाकतात. आपणही मेअखेरीस नेट उतरवावी. वादळाचा इशारा आला तर त्याआधीच. धुऊन, पूर्ण वाळवून, उंदीर पोचणार नाहीत अशा पेटीत ठेवा. शॅकल आणि टर्नबकल एका डब्यात, तेलाचा हात फिरवून, नेटच्या शेजारीच.