साखरेचा आजार आणि पायी वारी

आमच्या साक्षरता वर्गात एक आबा येतात. वय सत्तरीच्या जवळ. शेतकरी माणूस. गळ्यात तुळशीची माळ. 30 वर्षे त्यांनी वारी चुकवली नाही. ज्येष्ठ महिना आला, की त्यांचे चित्त शेतात लागत नाही.

पण आबांना मधुमेह आहे. आपण त्याला साखरेचा आजार म्हणतो. कोणी नुसते ‘शुगर’ म्हणतात. हा आजार आला, की बहुधा जन्मभर सोबत राहतो. औषध, बेताचे खाणे आणि रोजचे चालणे यांनी तो ताब्यात राहतो. आबा सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई घेतात.

मागल्या एका वारीत आबांच्या पायाची दोन बोटे गेली. ते कसे झाले, ते आधी सांगतो.

पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट लागतो. माउलींच्या पालखीच्या वाटेवरची ही मोठी मजल, 30 किलोमीटरच्या आसपास. आबांनी त्या साली नवे बूट घेतले होते. घाटात बुटात एक खडा गेला. आपल्याला खडा टोचला तर आपण लगेच थांबतो. आबांना तो टोचलाच नाही! रक्तात साखर पुष्कळ वर्षे वाढलेली राहिली, की पायाच्या नसा बिघडतात. पाय बधिर होतो. खडा, काटा, चटका, काही कळत नाही. सासवडला मुक्कामावर बूट काढला, तर आत रक्त. आबांनी जखमेत हळद दाबली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू लागले. पंढरपूर गाठले. पण घरी आले तेव्हा बोटे काळी पडली होती. ती कापावी लागली.

“बोटं गेली त्याचं काही नाही,” आबा आम्हाला म्हणाले. “पण घरची मंडळी आता वारीला सोडत नाहीत. त्याला काय करू?”

आम्हालाही वाटले, की आता घरीच बसावे. पण माणसाला जन्मभर घरी बसवणे हा काही उपाय नाही. म्हणून आम्ही आबांना घेऊन दवाखान्यात गेलो. जखम पुरी भरली होती. डॉक्टरांनी पाय तपासले, रक्त तपासले. मग म्हणाले, “जा. पण सगळी वाट चालू नका. लहान मजला चाला. मोठ्या मजला गाडीनं जा.”

आबांना राग आला. “पायी नाही ती वारी कसली?”

आजी बाजूलाच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “एस.टी.नं गेलात तर इठ्ठल तोंड फिरवील काय?”

आबा गप्प बसले. (एस.टी.त 65 वर्षांच्या पुढे अर्धे तिकीट असते. 75 च्या पुढच्यांना तर 2022 सालापासून प्रवास फुकट झाला.)

मग तयारी सुरू झाली. नव्या बुटांनी वारी करायची नाही, हे आबा आता शिकले होते. बूट दोन महिने आधी घेतले आणि रोज थोडा वेळ घालून शेतावर गेले. बूट घालण्याआधी तो उलटा करून झटकायचा, आत हात फिरवून पाहायचा. पायात सुती मोजे घालायचे. रात्री मुक्कामावर दोन्ही पाय उजेडात पाहायचे. तळवा आपल्याला दिसत नसेल, तर सोबत्याला पाहायला सांगायचे. बोटांच्या बेचक्यांतही पाहायचे. फोड आला तर फोडू नये. हळद, तंबाखू, चुना असले काही लावू नये. पाय दुखतात म्हणून कढत पाण्यात बुडवू नयेत. बधिर पायाला चटका कळत नाही, कातडी भाजून निघते. जखम लहान दिसली तरी त्याच दिवशी दाखवावी. वारीच्या वाटेवर सरकारी आरोग्य पथके असतात. तिथे पट्टी बांधून मिळते. नीरेला स्नान झाले, की बेचक्या कोरड्या पुसाव्या.

आता औषधाचे सांगतो. दिंडीचे सामान ट्रकमधून पुढे जाते. आबा पूर्वी औषध ट्रंकेत ठेवीत, आणि ट्रंक ट्रकमध्ये! ट्रक कुठे अडकला, की आबांची सुई चुके. या खेपेला औषध खांद्याच्या पिशवीत ठेवले. लागेल त्याहून जास्त घेतले, आणि त्याचे दोन वाटे केले. एक आबांकडे, एक सोबत्याकडे.

इन्सुलिनला ऊन सोसत नाही. चालू बाटली सावलीत, गारव्यात ठेवली तर साधारण 4 आठवडे टिकते. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवली तर बिघडते. आबांनी बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधली आणि वर ओले फडके गुंडाळले. फडके वाळले, की पुन्हा ओले करायचे. मुक्कामावर ती लहान मडक्यात ठेवायची. काही लोक बाटली बर्फात घालतात. तसे करू नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. वापरलेली सुई जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत टाकून झाकण लावावे. वाटेत फेकली तर कोणा अनवाणी वारकऱ्याच्या पायात जाईल.

सर्वांत मोठे भय मात्र वेगळेच आहे. आपण म्हणतो, साखर वाढली तर वाईट. पण साखर फार उतरली, तर माणूस तासाभराच्या आत बेशुद्ध पडू शकतो. चालल्याने साखर उतरते. इन्सुलिननेही उतरते. वर जेवायला उशीर झाला, की घात. म्हणून डॉक्टरांनी चालण्याच्या दिवसांसाठी आबांच्या सुईचे माप बदलून लिहून दिले. ते माप आबांचे. तुमचे तुम्ही तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

जेजुरीहून वाल्ह्याला जाताना तसेच झाले. मजल लहान, म्हणून आबा चालत होते. दिंडीत जेवणाला उशीर झाला. आबांना दरदरून घाम फुटला. हात कापू लागले. मग ते भलतेच बोलू लागले. बाजूचे लोक म्हणाले, “माउलींना ऊन लागलं.” पण सोबत्याला आम्ही आधीच सगळे सांगून ठेवले होते. त्याने आबांना झाडाखाली बसवले आणि चहाचे 3 चमचे साखर पाण्यात कालवून पाजली. 15 मिनिटे वाट पाहिली. आबा सावध झाले. नसते झाले, तर पुन्हा तेवढीच साखर द्यायची होती. मग अर्धी भाकरी खायला दिली. साखरेच्या आजाराच्या माणसाला साखर दिली, म्हणून एक बाई सोबत्यावर रागावल्या. त्यांचेही चुकले नाही. हे कोणी त्यांना सांगितलेच नव्हते.

माणूस बेशुद्ध असेल, तर मात्र तोंडात काही घालू नये. पाणीसुद्धा नाही. श्वासनळीत जाते. त्याला कुशीवर वळवावे आणि 108 ला फोन करावा.

एकादशीचा प्रश्न उरला. सुई नेहमीची आणि पोटात काही नाही, असे झाले तर साखर एकदम उतरते. उलट साबुदाण्याची खिचडी पोटभर खाल्ली, तर ती भराभर चढते. आबांनी त्या साली उपास धरला नाही. भाकरी-भाजी खाल्ली. पंढरपुरातही ते लांब रांगेत उभे राहिले नाहीत. कळसाचे दर्शन घेतले आणि परत फिरले.

घरून निघताना आबांनी स्वतः एक चिठ्ठी लिहिली होती. वर्गात शिकल्यावर त्यांनी लिहिलेला पहिला कामाचा कागद तो. आम्ही फक्त शेजारी बसलो होतो. वर नाव, गाव आणि मुलाचा फोन नंबर. खाली असे:

“मला साखरेचा आजार आहे. मी इन्सुलिन घेतो. मी बरळलो तर साखरपाणी द्या. बेशुद्ध असलो तर तोंडात काही घालू नका. 108 ला फोन करा.”

चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती सदऱ्याच्या खिशात ठेवली. वाल्ह्याच्या मुक्कामी दिंडीतल्या लोकांनी ती पाहिली. साखरेचे आजारी आणखी निघाले. “आम्हालाही लिहून द्या,” म्हणाले. आबांनी कंदिलाशी बसून सात चिठ्ठ्या लिहिल्या. ‘इन्सुलिन’ हा शब्द त्यांनी सातही ठिकाणी वेगवेगळा लिहिला आहे. पण वाचता येतो.