शुगर नाही, तरी गोळी?

प्रश्न : माझं वय 68. शुगर नॉर्मल आहे. आमच्या सकाळच्या कट्ट्यावरचे एक मित्र डायबेटीस नसतानाही मेटफॉर्मिन घेतात. म्हातारपण लांबतं म्हणे. मीही सुरू करू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : कट्ट्यावरची ही बातमी अगदीच हवेतली नाही. ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मेटफॉर्मिन घेणारे मधुमेही हे मधुमेह नसलेल्यांपेक्षा किंचित जास्त जगल्याचं 2014 साली दिसलं आणि सगळ्यांचे कान टवकारले. पण 2022 मध्ये डेन्मार्कच्या नोंदींत तसं काही आढळलं नाही. जुन्या नोंदी चाळून काढलेल्या निष्कर्षांचं असं होतं. निकाल लागतो तो चाचणीतच. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी, आणि कोणाला काय मिळालं हे घेणाऱ्यालाही ठाऊक नाही.

अमेरिकेत केंटकी आणि अलाबामाच्या संशोधकांनी अशी चाचणी केली. पासष्टीच्या पुढची, डायबेटीस नसलेली धडधाकट माणसं. सगळ्यांना 14 आठवडे वजनं उचलायचा व्यायाम. औषधवाल्या गटाला शिवाय रोज 1700 मिलिग्रॅम मेटफॉर्मिन. गोळीमुळे स्नायू जास्त भरतील, अशी संशोधकांचीच अटकळ होती. 2019 मध्ये निकाल आला तो नेमका उलटा. ताकद दोन्हीकडे वाढली, पण स्नायू जास्त भरले ते बिनऔषधाच्या गटाचे. म्हणजे घाम आपण गाळायचा आणि त्यातला वाटा गोळीने खायचा!

आयुष्य वाढतं का, हा मूळ प्रश्न राहतोच. न्यूयॉर्कचे डॉ. नीर बार्झिलाय यांना 65 ते 79 वयाच्या, मधुमेह नसलेल्या सुमारे 3000 लोकांवर सहा वर्षांची चाचणी करायची आहे. त्यासाठी पैसा उभा करता करता वर्षं गेली. औषध 1950च्या दशकातलं, पेटंटचा प्रश्नच नाही, गोळी स्वस्त. कुठली कंपनी यात पैसे घालेल? माझ्या मते हे काम सरकारांचं आहे.

ज्यांना डायबेटीस आहे त्यांनी मात्र हे वाचून गोळी बंद करू नये; त्यांच्यासाठी ती उत्तम आहे.

तुमच्या मित्रांना सांगा, या गोळीने बी-12 कमी होऊ शकतं (शाकाहारी असतील तर आधीच कमी असण्याची शक्यता), आणि मूत्रपिंडं फार अशक्त असतील तर ती देतच नाहीत. त्यांनी बी-12 आणि क्रिएटिनिन तपासून डॉक्टरांना भेटावं. तुम्ही गोळी सुरू करू नका.