घर लिलावात गेलं, गोठ्यातल्या गाईचं काय?

मार्चअखेर जवळ आली की नांदेड-वाघाळा आणि लातूर महापालिकेची वसुली पथकं गल्लोगल्ली फिरू लागतात. आधी नळ तोडतात, मग गाळ्याला सील ठोकतात, आणि थकबाकी फारच तुंबली असेल तर मिळकत जप्त होऊन लिलावाची नोटीस दारावर डकवली जाते. गावाकडे शेतसाऱ्याची किंवा त्याच रीतीने वसूल होणारी बाकी असेल तर हेच काम तहसील कार्यालय करतं. दोन्हीकडे एक गैरसमज हमखास आढळतो: चावी ज्याच्या हाती, आतलं सगळं त्याचं.

तसं नाही. लिलावात विकली जाते ती जागा आणि तिला कायमचं जोडलेलं बांधकाम. कपाट, गॅसची शेगडी, शिलाई मशीन, शेळ्या, म्हशी ही जंगम मालमत्ता. ती वेगळी जप्त करून, पंचनाम्यात लिहून, वेगळी विकली नसेल तर जुन्या मालकाचीच राहते. त्यामुळे सगळा खेळ पंचनाम्याचा आहे. ‘किरकोळ सामान व जनावरे 3’ अशी ओळ दिसली तर सही करू नका. ‘देवणी गाय 1, वानेरा, गाभण, कानातला बिल्ला क्रमांक अमुक’ असं लिहून घ्या. बिल्ल्यावरचे 12 अंक ही मालकी दाखवायची सगळ्यात स्वस्त सोय आहे. फोटो काढा, पंचांची नावं टिपून ठेवा. भाडेकरू असाल तर भाडेकरार आणि वीजबिल दाखवून आपलं सामान वेगळं नोंदवायला लावा. पंचनाम्याची प्रत देत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करा: फी 10 रुपये, प्रतीचे पानाला 2 रुपये. इतक्या स्वस्तात इतका दणकट पुरावा दुसरा मिळत नाही.

काही वस्तूंना तर महसुली जप्तीत हातच लावता येत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता इथे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 ची सूट मान्य करते. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, रूढीनुसार बाईने अंगावरून उतरवू नये असे दागिने, कारागिराची हत्यारं. आणि शेतकऱ्याची अवजारं, बियाणं व पोट चालवायला लागणारी जनावरं. घरच्या शेतीला जुंपलेली लाल कंधारी बैलजोडी यात बसते. व्यापारासाठी बांधलेली दहा-बारा जनावरं बसवायला मात्र कठीण जाईल. ही सूट आपोआप मिळेल म्हणून थांबू नका. जप्तीच्या वेळीच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

आता पैशाचं बघू. महापालिकेच्या थकीत मालमत्ता करावर महिन्याला 2 टक्के शास्ती लागते. बाकी 40,000 असेल तर महिन्याला 800, वर्षाला 9,600 रुपये. शास्तीमाफीची योजना निघते तेव्हा हा बोजा उतरतो. पण पुढच्या वर्षीही निघेल या भरवशावर बसणारे लोक मला कळत नाहीत. महसुली लिलावात हातोडा पडायच्या आत थकबाकी आणि खर्च भरला तर विक्री थांबते. पडल्यानंतरही 30 दिवसांत थकबाकी, खर्च आणि खरेदीदारासाठी बोलीच्या 5 टक्के जमा करून विक्री रद्द करून मागता येते. बोली 4 लाखांची असेल तर हे 5 टक्के म्हणजे 20,000.

खरेदीदाराने काय करावं? फेकू नये, विकू नये. दुसऱ्याची जंगम वस्तू लबाडीने लाटली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 खाली किमान सहा महिने कैद आहे. आत शिरल्याबरोबर दोन पंचांसमोर यादी करा आणि जुन्या मालकाला मुदत देऊन स्पीड पोस्टाने कळवा. वस्तू ताब्यात घेतलीत की ती सांभाळायची जबाबदारी तुमची. सांभाळण्याचा वाजवी खर्च मिळेपर्यंत ती अडवून ठेवायचा हक्कही तुमचा. कडबा, पेंड, डॉक्टर, सगळ्याच्या पावत्या ठेवा. मालक शोधूनही सापडत नसेल किंवा रास्त खर्च देत नसेल, आणि शिवाय तो खर्च वस्तूच्या किमतीच्या दोन तृतीयांशावर गेला असेल, तर ती विकता येते. 1872 च्या करार कायद्यात तर थेट गाईचंच उदाहरण आहे: सांभाळायला ठेवलेली गाय व्याली तर वासरूही मालकाला परत द्यायचं.

मुकं जनावर आत अडकलेलं असेल तर नोटिशीची वाट पाहू नका. सील असलं तरी त्याच दिवशी कार्यालयात अर्ज देऊन पंचांसमोर दार उघडून घ्या. दाद लागली नाही तर पोलीस आणि पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. जनावर टाकून देणं, उपाशी ठेवणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, पण पहिल्या खेपेचा दंड 10 ते 50 रुपये! आजच्या दिवसात तो कोणाला झोंबणार? झोंबतो तो पांजरपोळाचा खर्च. दंडाधिकाऱ्याने जनावर तिथे पाठवलं तर वाहतूक, चारा, औषधपाणी यांचं बिल मालकावर येतं, आणि ते वसूल होतं जमीन महसुलाच्या थकबाकीसारखंच. म्हणजे एका बाकीत घर गेलं तरी दुसरी बाकी उभी. मुदतीत जनावर नेलं नाही तर दंडाधिकारी ते विकायला लावू शकतो. खर्च वळता करून काही उरलं तर ते मालकाचं, मात्र विक्रीपासून दोन महिन्यांत अर्ज करावा लागतो.