दाखल्याच्या रांगेत बायका का दिसत नाहीत?

प्रश्न : आमच्या धाकट्या दिरांचा डावा डोळा लहानपणी विटी लागून गेला. परवा दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी मेडिकल बोर्डाकडे नेलं, तर ३० टक्केच लिहून मिळाले. दोनातला एक डोळा गेला, तर ५० का नाही? आणि रांगेत बहुतेक तरुण पुरुषच. मोतीबिंदू झालेल्या माझ्या वयाच्या बायका कुठे असतात?
— एक वाचक, दर्पण कॉलनी, ग्वाल्हेर

उत्तर : ताई, बोर्ड डोळे मोजत नाही, चष्मा लावून चांगल्या डोळ्याने किती दिसतं ते आधी बघतं. एक डोळा शाबूत आणि दुसरा पूर्ण गेलेला, याला टक्केवारीच्या सरकारी तक्त्यात ३० टक्के आहेत. सवलती मात्र बहुतेक ४०पासून सुरू होतात. मला हा हिशेब कठोर वाटतो. एका डोळ्याला खोलीचा अंदाज नीट येत नाही. दीर चहा ओततात तेव्हा कपाची कड चुकते का, बघा. २०२५च्या दिवाळीत मध्य प्रदेशात कार्बाइड गन नावाच्या फटाक्यामुळे किती मुलांचे डोळे भाजले! त्यातल्या ज्यांचा एकच डोळा गेला, त्यांनाही हाच तक्ता लागू. दिरांना नंबर नसला तरी पॉलिकार्बोनेटचा चष्मा कायम लावू द्या. राहिलेला डोळा जपायचा आहे.

आता मोतीबिंदूचं. २०१५-१९च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधत्वापैकी ६६ टक्के मोतीबिंदूमुळे होतं. पण दाखला मिळतो कायमच्या दोषाला. मोतीबिंदू निघू शकतो, म्हणून बोर्ड आधी ऑपरेशन करून या म्हणतं. मग रांगेत उरतात ते बुबुळावर फूल पडलेले, डोळ्याची नस सुकलेले, जन्मतःच डोळे लहान असलेले, काचबिंदूने नजर गेलेले.

आणि रेटिनायटिस पिगमेंटोसावाले. यांची सुरुवात रातांधळेपणाने होते, मग नजर कडेकडेने मिटत येते. असा मुलगा डोळे तपासायच्या पाटीवरची बारीक अक्षरं धडाधड वाचतो आणि वळताना स्टुलाला अडखळतो. बघणाऱ्याला वाटतं, सोंग करतोय. हात लांब करून मूठ धरा. मुठीआड जेवढं झाकलं जातं, ते साधारण १० अंश. नजरेचं क्षेत्र त्याहून कमी उरलं, तर २०१६च्या दिव्यांग कायद्याने तो माणूस अंधच, अक्षरं वाचली तरी. म्हणून अशांनी नजरेच्या क्षेत्राची तपासणी, म्हणजे फील्ड टेस्ट, आग्रहाने करून घ्यावी. हा आजार बऱ्याचदा आनुवंशिक असतो आणि जवळच्या नात्यातल्या लग्नांत त्याचा धोका वाढतो. घरात कुणाला तो असेल, तर आते-मामे भावंडांचं लग्न ठरवण्याआधी जनुकीय सल्ला घ्या.

तरुण पुरुषच का? कारण कागदाचा उपयोग त्यांना लगेच दिसतो. सरकारी नोकरीत दिव्यांगांना ४ टक्के आरक्षण आहे, त्यातलं १ टक्का अंध व अल्पदृष्टींना. शिवाय परीक्षेत लेखनिक मिळतो, रेल्वेच्या भाड्यात सवलत मिळते. बाईला नोकरी कुठे करायची आहे, असं घरचे धरून चालतात. तिला तिथवर न्यायला कुणाला तरी रजा काढावी लागते, आणि ती स्वतःच म्हणते, "राहू दे, भागतंय." सून हात धरून न्हाणीपर्यंत नेते, तेवढ्यात सगळ्यांचं भागतं. मला हे फार लागतं.

तुमच्या गल्लीत काचबिंदूने नजर गेलेली एखादी आजी असेल, तर तिचा दाखल्याचा अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर भरून द्या. आधार कार्ड आणि फोटो जवळ ठेवा. दाखल्याला वयाची अट नाही.