अकारण हिंसा आणि क्षमाधर्म

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या आचारधर्मात अहिंसा केवळ कायेपुरती नाही. वाचा आणि मन यांचाही तीत समावेश होतो. अकारण हत्या घडली म्हणजे या तत्त्वाची खरी कसोटी लागते. कारण शस्त्र एकाच्या हाती असले, तरी द्वेष सहस्रांच्या मनी उपजतो.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात निकेल माइन्स येथे अमिश या ख्रिस्ती पंथाची लहानशी शाळा होती. दि. २ ऑक्टोबर २००६ रोजी एका इसमाने तेथे १० मुलींवर गोळ्या झाडल्या. त्यांपैकी ५ मृत्यू पावल्या. मग त्याने आत्मघात केला. दंड द्यावा असा अपराधी उरलाच नाही. उरली ती त्याची निरपराध पत्नी व लेकरे. समाजाचा क्रोध आता त्यांच्यावरच कोसळावयाचा. परंतु अमिश मंडळी त्याच दिवशी त्यांच्या सांत्वनास गेली. पुढे त्याच्या दफनविधीसही काहीजण उपस्थित राहिले.

येथे शंका उद्भवते : ही क्षमा मृत बालिकांवर अन्याय नव्हे काय? समाधान असे की, क्षमेने कर्म पुसले जात नाही. कर्त्या जीवाला त्याचे फळ भोगावेच लागते. क्षमा थांबविते तो निरपराधाकडे वळणारा द्वेष. तीत दुःखाचा विसरही नाही. ती शाळा १२ ऑक्टोबरला पाडण्यात आली आणि २००७ साली जवळच नवी उभी राहिली.

शरण आलेल्या सशाला व्याधांपासून अभय देणाऱ्या स्वामींचा अनुयायी, मग तो भिक्षू असो वा वासनिक, त्याने अशा प्रसंगी प्रथम मनातील हिंसा आवरावी. मग दुःखितांच्या दारी जावे, आणि अपराध्याच्या घरचे दारही टाळू नये.