चार हजार शब्दांच्या निबंधाविषयी

चि. मुक्ता हीस,

तुझे पत्र पावले. इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या (आय.बी.) डिप्लोमासाठी जो दीर्घ निबंध प्रत्येक विद्यार्थ्याला लिहावा लागतो, त्याकरिता तू इतिहास हा विषय घेतलास आणि त्यातही १८९७ सालचा पुण्याचा प्लेग निवडलास, हे वाचून मला झालेला आनंद केवळ पुणेकराच्या अभिमानाचा नाही. ज्या वयात आमच्या पिढीला गुरुजींनी सांगितलेले उतरून घ्यावे आणि परीक्षेत ते यथास्थित परत करावे एवढेच कर्तव्य शिकवले गेले, त्या वयात स्वतः प्रश्न काढून त्याचे उत्तर स्वतः शोधण्याचा प्रसंग तुझ्यावर यावा, हे मी तुझे मोठे भाग्य समजतो. आणि म्हणूनच ‘आजोबा, कुठली पुस्तके वाचू तेवढे लगेच कळवा’ या तुझ्या घाईला किंचित आवर घालावा म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

‘पुण्यातील प्लेग’ हा विषय झाला; प्रश्न अजून व्हायचा आहे. त्या दोन शब्दांत काय काय सामावले आहे ते पाहा. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखलेला रोग, फेब्रुवारी १८९७ मध्ये घाईने संमत झालेला साथरोगांचा कायदा (तुझ्या लहानपणी, २०२० साली, सरकारने ज्याचा आधार घेतला तो हाच), पुण्यात प्लेग कमिटीचे प्रमुख रँडसाहेब यांच्या हाताखाली गोऱ्या सोल्जरांनी घेतलेल्या घरझडत्या, रोग्यांची सेवा करता करता १० मार्चला सावित्रीबाई फुल्यांना आलेला मृत्यू, २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर झाडलेल्या गोळ्या, टिळकांवरील राजद्रोहाचा खटला आणि त्यांना झालेली अठरा महिन्यांची शिक्षा, हे सारे त्यात येते. यांतील एकेका बाबीवर ग्रंथ झाले आहेत, आणि तुझ्या हाती ४००० शब्द आहेत. म्हणजे छापील बारा-तेरा पाने; त्या शब्दांपलीकडचा मजकूर परीक्षक वाचणारसुद्धा नाहीत. एवढ्या जागेत साऱ्या प्लेगची हकीकत सांगू गेलीस, तर प्रत्येक गोष्ट कोणीतरी आधी सांगितलेली आणि तुझ्याकडून अर्धवट सांगितलेली अशी होईल.

‘२२ जून १८९७’ हा चित्रपट पाहून तुला हा विषय सुचला, असे तू लिहितेस. सुचण्याला तो उत्तमच आहे. परंतु ‘चापेकरांनी रँडचा वध का केला?’ हा जो प्रश्न तू कच्च्या टिपणात मांडला आहेस, त्याचे उत्तर तुला लेखणी उचलण्यापूर्वीच ठाऊक आहे, आणि ज्या प्रश्नाचे उत्तर विचारणाराला आधीच ठाऊक असते, त्याच्यासाठी तो दप्तरे चाळीत नाही, आपल्या मताला साजेसे दाखले तेवढे वेचीत बसतो. प्रश्न असा घे की ज्याचे उत्तर तुला आज खरोखर माहीत नाही. ज्याची कागदपत्रे तुझ्या हाताशी येऊ शकतात. आणि ज्याचे उत्तर तुला नको असलेल्या दिशेने गेले तरी तू ते लिहू शकशील. या तिन्हींतली शेवटची अट सर्वांत कठीण आहे. घरच्या गावाविषयी, घराघरांत पूजल्या जाणाऱ्या पुरुषांविषयी लिहिताना ती अधिकच कठीण होते.

उदाहरणादाखल एक प्रश्न सुचवितो. घ्यायलाच हवा असे नाही. झडत्या सुरू होण्याच्या सुमारास ‘केसरी’ची भूमिका निव्वळ विरोधाची नव्हती. शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांना टिळकांनी दोष दिला, स्वतः पुण्यात राहिले, हिंदूंसाठी स्वतंत्र इस्पितळ चालविण्यात भाग घेतला आणि रोगनिवारणाचे उपाय हवेत हे मान्य केले. पुढे मात्र त्याच पत्राचा सूर उत्तरोत्तर तीव्र होत गेला. मग असा प्रश्न निघतो: मार्चपासून जूनच्या मध्यापर्यंत घरझडतीविषयीचे ‘केसरी’चे लिखाण कसे आणि कशामुळे पालटत गेले? ‘केसरी’ तेव्हा साप्ताहिक होता, दर मंगळवारी निघे. म्हणजे या अवधीतले पंधरा-सोळा अंक झाले. ते तू एका सुटीत ओळ न् ओळ वाचू शकतेस, आणि इतके बारकाईने वाचलेस म्हणजे त्या विषयापुरते तुझ्या शाळेत तुझ्याइतके कोणालाच ठाऊक असणार नाही. मोठ्या विषयावर सर्वांना ठाऊक असलेले थोडे सांगण्यापेक्षा लहान प्रश्नाचे आपण तपासलेले उत्तर सांगणे मला अधिक मोलाचे वाटते. आय.बी.वाल्यांनीही हा निबंध ठेवला तो बहुधा याच हेतूने असावा.

आता साधनांविषयी. इतिहासकार राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालचा, म्हणजे तुझ्या प्लेगच्या पुढच्याच वर्षाचा, हे ध्यानात ठेव. मूळ कागद पाहिल्यावाचून इतिहास लिहू नये, हा आग्रह महाराष्ट्रात त्या पिढीने रुजवला, आणि तुझी पायरी लहान असली तरी जिना तोच आहे. आधी एकदोन चांगली आधुनिक पुस्तके वाचून काळाची चौकट मनात पक्की कर; मग त्यांतल्या तळटिपांचा माग काढीत मूळ साधनांकडे जा. प्लेगच्या बंदोबस्ताचे इंग्रजी सरकारी अहवाल स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटिश हिंदुस्थानच्या वैद्यकीय इतिहासाच्या संग्रहात इंटरनेटवर विनामूल्य ठेवले आहेत; ते तू घरबसल्या वाचशील. मुंबई सरकारचे दप्तर काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात आहे. तिथे जायचे तर शाळेचे पत्र आणि सोबतीला तुझी आई किंवा बाबा, अशी तजवीज महिनाभर अगोदर कर. देशी वर्तमानपत्रांतील मजकुराचे इंग्रजी सारांश सरकार दर आठवड्याला करवून घेई, तेही मिळतात. पण तुला मराठी येत असताना सारांशावर विसंबू नकोस. अंक पुण्यात पाहायचे ठरले तर तू आमच्याकडेच उतरणार, हे सांगायला नको.

कागद हाती आला म्हणजे तो कोणी, कोणासाठी, कशाच्या भरात लिहिला हे आधी विचारायचे. कमिटीचा अहवाल वरिष्ठांपुढे आपले काम रास्त ठरविण्यासाठी लिहिलेला असतो. दामोदर चापेकरांचे आत्मवृत्त अटकेत लिहिले गेले, आणि ज्याला आपला शेवट दिसतो आहे असा माणूस आपल्या कृत्याची संगती कशी लावतो, याचा तो अमूल्य पुरावा आहे. पण झडतीच्या दिवशी अमक्या आळीत काय घडले, याचा पुरावा म्हणून त्याचे मोल निराळे. पंडिता रमाबाईंनी त्याच वर्षी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पुण्याच्या सरकारी व्यवस्थेत स्त्रियांच्या होणाऱ्या हेळसांडीविषयी जे पत्र लिहिले, ते वाचल्याखेरीज तू पुढे जाऊ नयेस असे मला मनापासून वाटते, कारण राष्ट्रीय पक्ष आणि सरकार या दोघांच्याही बाहेर उभी असलेली ती एक साक्ष आहे.

गोखल्यांची हकीकत मी तुला मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण पुराव्याचा विचार शिकण्यास तिच्याइतके उपयुक्त दुसरे उदाहरण या विषयात मला दिसत नाही. १८९७ साली गोखले हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेत होते. वय अवघे एकतीस. पुण्याहून विश्वासू मित्रांची पत्रे येत, त्यांत सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या गोष्टी असत. त्या पत्रांच्या आधारावर त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये तो आरोप जाहीर केला. विलायतेत खळबळ उडाली, गव्हर्नर सँडहर्स्ट यांच्या सरकारने आरोप साफ नाकारला, आणि गोखले परत आले तेव्हा ज्यांनी लिहिले होते त्यांच्यापैकी कोणी नावानिशी पुढे यायला तयार होईना. पुरावा देता येत नाही असे दिसताच त्यांनी जाहीर आणि संपूर्ण माफी मागितली; त्यापायी स्वकीयांचा रोष आणि उपहास कित्येक वर्षे सोसला.

यातून इतिहास लिहिणाराने काय लिहावे? ‘अत्याचार झाले’ असे निःशंक लिहिण्याइतका पुरावा गोखल्यांना देता आला नाही, हे खरे. पण म्हणून ‘अत्याचार झाले नाहीत’ असे लिहिण्याचा अधिकारही आपल्याला मिळत नाही. त्या काळच्या पुण्यात कोणत्या घरची बाई आपल्यावर गुदरलेला प्रसंग कमिटीपुढे जबानीत सांगती, आणि कोणते घर तिला तो सांगू देते? चौकशी ज्यांच्यावर आरोप त्यांच्याच वरिष्ठांच्या हाती असताना साक्षीला कोण उभे राहते? तेव्हा प्रामाणिक वाक्य या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे: तक्रारी झाल्या, त्या अमुक मार्गाने आल्या, त्यांची चौकशी अमक्याने केली, आणि ज्यांची साक्ष निर्णायक ठरली असती त्यांना ती देण्याची वाट नव्हती. असे वाक्य लिहायला शोभिवंत नाही. पण मुक्ता, तुझ्या निबंधात अशी पाच वाक्ये आली तरी मी तो यशस्वी मानीन. ज्या कागदावर स्त्रिया बोलत नाहीत, महार-मांगांच्या वस्त्या बोलत नाहीत, तिथे त्यांचे न बोलणे हीसुद्धा नोंदून ठेवण्याची गोष्ट आहे.

दुसरी एक सावधगिरी. प्लेगचा जंतू येरसिनने हाँगकाँगमध्ये १८९४ साली शोधला होता. पण उंदरांवरच्या पिसवा रोग पसरवतात, हे सिमाँने १८९८ मध्ये कराचीस सुचविले, आणि त्यावर शास्त्रज्ञांचा सार्वत्रिक विश्वास बसायला १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या संशोधनाची वाट पाहावी लागली. हाफकिनची लस १८९७ च्या जानेवारीत नुकतीच तयार होत होती. म्हणजे रँडच्या कमिटीने घरे धुवून काढली, सामान जाळले, माणसे छावण्यांत नेली, ती रोगाचे खरे वाहन माहीत नसताना. आज आपल्याला जे ठाऊक आहे त्या मापाने त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे; ते न्याय्य नाही. त्यांच्या अज्ञानाने त्यांच्या उद्दामपणावर पांघरूण पडते असेही नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवून लिहिता आल्या पाहिजेत.

टिपणांविषयी थोडक्यात. प्रत्येक टिपणावर साधनाचे नाव, तारीख आणि पान तिथल्या तिथे लिही. लेखकाचे शब्द अवतरणचिन्हांत आणि आपले मत निराळ्या शाईने. सहा महिन्यांनी वहीतले एखादे सुंदर वाक्य आपले की दुसऱ्याचे हेच न आठवणे, यातून चांगल्या मुलांवरही चोरीचा ठपका आलेला आहे. संदर्भांची यादी पहिल्या दिवसापासून वाढवीत ने. आणि एक तारीखवार तक्ता कर: एका रकान्यात कमिटीचे हुकूम, दुसऱ्यात त्या आठवड्याचा ‘केसरी’, तिसऱ्यात मृत्यूंचे अधिकृत आकडे जिथे मिळतील तिथे. पुष्कळदा युक्तिवाद असा तक्ता समोर पसरल्यावरच दिसू लागतो.

तुमच्या नियमाप्रमाणे मार्गदर्शक शिक्षकांबरोबर तीन औपचारिक भेटी असतात आणि पूर्ण मसुद्यावर ते एकदाच अभिप्राय देतात. ते एकमेव वाचन अर्ध्या कच्च्या मसुद्यावर खर्च करू नकोस. आधी तो स्वतः मोठ्याने वाच, आठ दिवस बाजूला ठेव, पुन्हा वाच, मगच त्यांच्या हाती दे. पहिल्या भेटीला मात्र कच्चेच जावे, प्रश्नाचे दोनतीन निरनिराळे पाठ घेऊन, आणि त्यांना त्यांवर मनमोकळी टीका करू द्यावी. यंत्राला विचारले तर तो निबंध क्षणात लिहून देईल, असे तुझ्या वर्गातले म्हणतात, हे तू लिहिले आहेस. देईलही. पण त्याने तुझ्याऐवजी अंक वाचलेले नसतील, आणि तोंडी मुलाखतीत तुझे शिक्षक तुला विचारतील की एप्रिलच्या अंकात तुला कशाचे आश्चर्य वाटले. त्याचे उत्तर तुझ्याजवळ असावे, एवढीच माझी इच्छा आहे.

मे महिन्याची सुटी लागण्यापूर्वी प्रश्नाचे पाठ माझ्याकडे पाठव. प्रत्येकाखाली, त्याच्या उत्तरासाठी कोणते कागद पाहावे लागतील आणि ते कुठे आहेत, हे दोन ओळींत लिही. ज्याखाली तुला काही लिहिता येणार नाही, तो पाठ कितीही आवडता असला तरी वगळ. आजीने तुझ्यासाठी मेतकूट करून ठेवले आहे. ते आईबरोबर पाठवितो.

तुझे,
नानाआजोबा