पाठ : फुलांतील रंगद्रव्ये

फेब्रुवारी २०२० मध्ये डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील एक रस्ता रासायनिक रंगामुळे गुलाबी झाला होता. रंग म्हणजे कारखान्यातील वस्तू, अशी त्या परिसरातील मुलांची समजूत होणे स्वाभाविक आहे. ती दूर करण्यास शाळेच्या कुंपणावरील जास्वंद पुरेशी आहे.

गळून पडलेल्या लाल जास्वंदीच्या पाकळ्या शिक्षकांनी गरम पाण्यात भिजवाव्यात व ते जांभळट पाणी दोन पेल्यांत घ्यावे. एकात लिंबू पिळताच पाणी लाल होते. दुसऱ्यात खाण्याचा सोडा टाकताच हिरवट होते. हा गुण अँथोसायनिन या रंगद्रव्याचा होय. पारिजातकाच्या देठातील केशरी रंग कॅरोटिनॉइड वर्गातील असून तो असा पालटत नाही.

कापलेले वांगे हवेत काळे पडते; ती क्रिया ऑक्सिडीकरणाची. अशा क्रियेस आळा घालण्याचा गुण या दोन्ही रंगद्रव्यांत आहे.

कण्हेरीची विषारी फुले प्रयोगास घेऊ नयेत. कोणतेही पाणी मुलांस चाखू देऊ नये. निसर्गातले तेवढे निर्धोक व कारखान्यातले तेवढे घातक, असे न मानता प्रत्येक पदार्थ पारखून पाहण्याची सवय विद्यार्थ्यांस लागावी, हाच या पाठाचा हेतू होय.